खेळातून मूल घडावे म्हणून घराने काय करावे

खेळाने चारित्र्य घडते, हे वाक्य शाळेच्या क्रीडादिनी प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात हमखास येते, आणि ते अर्धेच खरे आहे. गेली काही वर्षे मी संध्याकाळी एका खो-खो मंडळात लहान गटाच्या मुलांना शिकवायला मदत करतो. तेच मैदान, तेच प्रशिक्षक, तीच शिट्टी. तरीही पंचांचे लक्ष नसताना "मला हात लागला" म्हणून स्वतःहून बाहेर येणारा मुलगा मी तिथे पाहिला आहे आणि बाद दिल्यावर पाच मिनिटे हुज्जत घालून शेवटी बूट आपटत निघून जाणाराही पाहिला आहे. खेळ मुलाला रोज हरण्याची, ताटकळण्याची, चिडण्याची आणि सोयीचे खोटे बोलण्याचीसुद्धा संधी देतो. त्या संधीचे पुढे काय होते, हे बव्हंशी घरात ठरते. साधारण सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांना त्यासाठी काय करता येईल, ते पुढे लिहिले आहे.

आधी गल्ली, मग मैदान

मुलाला सहाव्या वर्षीच एखाद्या अकादमीत घालण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. त्या वयात त्याला खरी गरज असते ती मोठ्या माणसांवाचून चालणाऱ्या खेळाची. लगोरीत सात ठिकऱ्या रचून झाल्या की नाही, लंगडीत पाय टेकला की नाही, लपाछपीत राज्य घेणाऱ्याने डोळे किलकिले केले की नाही, या प्रत्येक गोष्टीवर भांडण होते आणि ते मिटवायला पंच नसतो. भांडण मिटले नाही तर खेळ थांबतो आणि खेळ थांबलेला कुणालाच नको असतो, म्हणून मुले आपण होऊन तोडगा काढतात. "रडीचा डाव खडी" ही ओरड मुलांनी मुलांसाठी केलेली शिक्षा आहे, आणि वडिलांच्या तासाभराच्या उपदेशापेक्षा ती जास्त झोंबते.

आपल्या गल्लीतल्या खेळांत लिंबूटिंबूची एक सुरेख सोय होती. धाकटा भाऊ किंवा शेजारची चार वर्षांची मुलगी खेळायचा हट्ट धरून बसली की तिला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. ती पळणार, ओरडणार, पण बाद झाली तरी तिच्यावर राज्य येणार नाही. मोठ्या मुलांना यात एक काम लागे, ते म्हणजे तिला न पाडता, तिला कळू न देता खेळवत ठेवणे. वयाप्रमाणे गट पाडलेल्या शिबिरांत ही जागाच नाही. म्हणून आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी सोसायटीतली वेगवेगळ्या वयाची सहा-सात मुले एकत्र येतील असे पाहावे, त्यांना एक चेंडू आणि फरशीचे सात तुकडे द्यावेत, आणि आपण तिथून निघून जावे. वाहनतळावर "खेळण्यास मनाई" अशी पाटी असेल तर वार्षिक सभेत तो विषय मांडण्याचे काम मात्र पालकांचेच आहे. मुले भांडू लागली तर खिडकीतून निवाडा देऊ नये. दगड उचलला गेला किंवा रक्त दिसले तर अर्थातच खाली उतरावे.

मैदानावर काय चालते, ते स्वतः समजून घ्यावे

मूल एखादा खेळ शिकू लागले की पालकांनी त्याचे नियम मुळातून समजून घ्यावेत. खो-खो मला जवळचा, म्हणून त्याचेच उदाहरण देतो. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण मध्यपाटीवरच्या, म्हणजे मैदानाच्या मधोमध आखलेल्या पट्ट्यावरच्या, चौकांत, एक इकडे तोंड करून तर दुसरा तिकडे, असे बसतात आणि एकटा नववा धावतो. त्याने एकदा दिशा घेतली की पाटीच्या टोकाच्या खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय त्याला मागे वळता येत नाही आणि बसलेल्या दोघांच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. समोरच्या गड्याने हुलकावणी देऊन पाटी ओलांडली, तर त्याच्यामागे जाण्याचा अधिकार बसलेल्या एखाद्याला द्यावाच लागतो: मागून हात लावायचा आणि स्पष्ट ऐकू येईल असे "खो" म्हणायचे. खो मिळण्याआधी बसलेला उठला तर फाउल.

आता हे मुलाच्या बाजूने पाहा. गडी हाताच्या अंतरावर आहे, टाळ्या पडत आहेत, आणि नेमक्या त्याच क्षणी आपला पाठलाग दुसऱ्याच्या हाती सोपवायचा आहे. बसलेल्याची परीक्षा तर त्याहून अवघड असते. पायाच्या चवड्यावर भार टाकून, हात जमिनीला टेकून, गडी पुढ्यातून जात असताना तो बसून राहतो. आमच्याकडची एक दहा वर्षांची मुलगी पहिले दोन महिने प्रत्येक वेळी खो मिळण्याआधीच उठायची. तिला रागावून काही उपयोग झाला नाही. मग तिच्या आजीने एक युक्ती केली. मैदानाच्या कडेला बसून ती रोज एवढेच मोजायची की नात किती वेळा योग्य वेळी उठली, आणि घरी जाताना तो आकडा सांगायची; चुकांचा आकडा कधी सांगितला नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलगी स्वतःच आजीला विचारू लागली, "आज किती?" पुढे त्या मुलीची घरातली मधे-मधे बोलण्याची सवयही कमी झाली, असे तिची आई सांगते. हा त्याचाच परिणाम असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण आजीने मोजले ते योग्यच मोजले.

तेव्हा घरी आल्यावर "किती जणांना बाद केलेस?" या प्रश्नाऐवजी "आज कोणाला खो दिलास आणि त्यालाच का?" असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाला आकडा मिळतो आणि संभाषण संपते. दुसऱ्या प्रश्नाला मूल थांबते, आठवते, आणि एखाद्या सोबत्याचे नाव घेऊन बोलू लागते. दुसरा खेळ असेल तर त्याला साजेसा प्रश्न शोधावा: कबड्डीत पकड निसटत असताना साखळीतल्या कोणी सावरून घेतले, क्रिकेटमध्ये दुसऱ्या टोकाला उभे राहून कोणाला साथ दिली.

घरी येतानाची दहा मिनिटे

पालकांच्या सर्वाधिक चुका याच दहा मिनिटांत होतात. सामना हरून मूल स्कूटरवर मागे बसते आणि चौक यायच्या आत वडील त्याच्या चुकांची यादी वाचून दाखवतात. घामेजलेले, भुकेलेले मूल ते ऐकत नसते, फक्त सोसत असते. माझे वडील स्वतः खेळाडू नव्हते. मी हरून आलो की ते गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवत आणि "बूट बाहेर झटक" याखेरीज काही बोलत नसत. जेवण झाल्यावर मी आपण होऊन बोलू लागलो तरच ते प्रश्न विचारत, आणि त्यातला एक ठरलेला असे: "समोरचा चांगला खेळला का?" हो म्हणणे फार जड जाई. मी जिंकून आलो तरी हाच प्रश्न असे, याचे महत्त्व मला स्वतः बाप झाल्यावर कळले.

कळले म्हणजे लगेच वळले, असे नव्हे. मुलीच्या एका सामन्यात निर्णय चुकीचा वाटला म्हणून मी रेषेबाहेरून पंचांवर ओरडलो. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात सरावात बाद दिल्यावर तिने तोच हातवारा केला आणि तेच शब्द वापरले. त्यानंतर मी तिला बरोबर घेऊन त्या पंचांकडे गेलो आणि तिच्यादेखत त्यांची माफी मागितली. अशी वेळ आली तर माफी मुलासमोरच मागावी. मागाहून घरी दिलेले स्पष्टीकरण त्याच्या लेखी सारवासारव असते.

हार पचेपर्यंत, म्हणजे निदान जेवण होईपर्यंत, सामन्याचा विषय आपण काढू नये. चित्रीकरण केले असेल तर ते त्याच रात्री नातेवाइकांच्या गटावर टाकू नये. मूल रडत असेल तर रडू द्यावे. "एवढ्याशा गोष्टीला काय रडायचे" या वाक्याने रडणे थांबते खरे, पण पुढच्या वेळी ते मूल आपल्याजवळ येऊन रडत नाही.

एकट्या आईवडिलांचे हे काम नव्हे

१९८४ च्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर यांनी अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे नेले. पहिल्या चाचणीत सरांच्या नजरेखाली सचिनला नीट खेळताच आले नाही. तेव्हा अजित यांनी सरांना विनंती केली की, आणखी एक संधी द्या आणि त्याला दिसणार नाही अशा जागेवरून पाहा. पोर कोणत्या नजरेखाली आकसते, हे थोरल्या भावाने ओळखले होते. पुढे शाळा आणि मैदान जवळ पडावे म्हणून सचिन काका-काकूंच्या घरी राहिला. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोप घेताना त्याने वडिलांचा "आडवाटेने जाऊ नकोस" या अर्थाचा उपदेश सांगितला, काका-काकूंचे ऋण सांगितले, आणि आचरेकर सरांनी २९ वर्षांत कधी "छान खेळलास" म्हटले नाही, हेही हसत सांगितले.

यातून सरांचा कठोरपणा तेवढा उचलणारे पालक मला भेटतात, आणि तिथेच गफलत होते. सर कौतुक करत नव्हते तेव्हा कौतुक करणारी, जेवू घालणारी, नुसती सोबत करणारी माणसे घरात होती. म्हणून घरात कामे वाटून घ्यावीत. चुका दाखवण्याचे काम प्रशिक्षकांवर सोडावे. मावशी, काका, आजोबा यांपैकी निदान एक माणूस असा असावा की ज्याच्याकडे मुलाने निकाल न सांगता जावे. आणि सामन्याला कोणी यावे, हे मुलालाच विचारावे. "तू येऊ नकोस" असे उत्तर मिळाले तर ते मनाला लावून घेऊ नये.

घराच्या भिंतीही थोड्या लांबवाव्या लागतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पैलवानाच्या घरात जन्मले. वडील दादासाहेब हेच त्यांचे पहिले वस्ताद. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये, मातीत घडलेल्या या पैलवानाचा मॅटवर सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी तिथे कांस्यपदक मिळवले. आपल्या खेळामागे कोणाकोणाचे काय लागले आहे, हे मुलाला ठाऊक असावे. मात्र ते उपकाराच्या सुरात ऐकवू नये. मैदान आखणाऱ्या काकांचे नाव त्याला माहीत असणे, ही सुरुवात पुरेशी आहे. तालमीत नवा पोरगा आधी हौद्यातली माती खणतो, मग कुस्ती धरतो. तोच क्रम घरी ठेवावा: बूट, गुडघ्याच्या पट्ट्या आणि पाण्याची बाटली ज्याची त्यानेच भरावी, आणि एखादी वस्तू विसरली तर ती पोचवायला आईने धावत मैदानावर जाऊ नये.

मुलींच्या बाबतीत

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. तरीही आमच्या मैदानावर सातवी-आठवीनंतर मुलींची संख्या ओसरते. कारण कोणी उघड सांगत नाही. "आता मोठी झाली" एवढेच म्हटले जाते. घराला यात तीन गोष्टी करता येतात. मैदानावर स्वच्छतागृह आहे का आणि ते उघडे असते का, हे आईने स्वतः जाऊन पाहावे आणि नसेल तर मंडळाकडे चार पालकांनी मिळून मागणी करावी. अंधार पडल्यावर एकाच रस्त्याने येणाऱ्या मुलींची सोबत ठरवून द्यावी. आणि भाऊ खेळून आल्यावर पाय पसरून बसतो, तर बहीण खेळून आल्यावर पोळ्या लाटते, ही विभागणी त्याच दिवशी मोडावी. मैदानावर समानता शिकलेली मुलगी घरी आल्यावर भावाच्या ताटाकडे पाहतेच.

मूल खेळ सोडतो म्हणाले तर

बहुतेक घरांत हा प्रसंग नववीच्या आसपास येतो. कधी मूल कंटाळते, कधी शिकवणीची वेळ आडवी येते. याच्या उलटही होते: दहावीचे वाढीव क्रीडागुण डोळ्यांपुढे ठेवून काही पालक नको असलेला खेळ मुलाच्या गळ्यात मारतात, आणि खेळ हा सवलत मिळवण्याचा मार्ग आहे एवढेच ते मूल शिकते. सोडण्याचे कारण ऐकून घ्यावे. मारहाण, अपमान किंवा नकोसा स्पर्श असे काही असेल तर त्याच दिवशी थांबवावे आणि प्रकरण तिथेच सोडू नये. तसे काही नसेल तर सुरू असलेली स्पर्धा संपेपर्यंत खेळायला सांगावे, कारण संघात त्याच्या भरवशावर आठ जण बसलेले असतात. त्यानंतर मंडळाचा गणवेश त्याने स्वतः धुवावा, वाळवावा, घडी घालावा आणि प्रशिक्षकांच्या हातात देऊन "सर, मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही" हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. आईवडिलांनी आधी फोन करून ठेवू नये.