माउन ते कसाने: तंबूतल्या सफारीची तयारी

बोत्स्वानातल्या छोट्या गटाच्या तंबू-सफारीची वाट बहुधा ठरलेली असते. माउनहून निघायचं, मोरेमी अभयारण्य, ख्वाई, सावुती, मग चोबे नदीचा काठ आणि शेवट कसानेला. तिथून झिंबाब्वेतला व्हिक्टोरिया धबधबा ऐंशीएक किलोमीटरवर. सहा ते दहा प्रवासी, बाजूंनी उघडी लँड क्रूझर, एक गाइड, एक स्वयंपाकी, एखाद-दोन मदतनीस. वाटेत ख्वाई आणि माबाबे ही खेडी लागतात, पण औषधं, रोख पैसे किंवा चष्म्याची काडी यांसाठी त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून तयारी दोन ठिकाणी करायची: कंपनीला आधी काय सांगायचं आणि पिशवीत काय भरायचं. बहुतेक जण सगळा जीव पिशवीत ओततात, आणि सहल बिघडते ती बहुधा न विचारलेल्या प्रश्नांमुळे.

पहिला प्रश्न महिन्याचा. आपल्याकडच्या सुट्ट्यांच्या हिशेबाने पाहिलं तर मे महिना चांगला. पाऊस संपलेला, हवा सुखद, पण गवत उंच असल्यामुळे प्राणी शोधावे लागतात. जून ते ऑगस्ट थंडी. याच काळात ओकावांगो नदीच्या पाणथळ मुलखात पूर असतो, आणि तोही स्थानिक पावसाशिवाय. अंगोलाच्या डोंगरांत डिसेंबर ते मार्चमध्ये पडलेलं पाणी सपाट मुलखातून सरकत सरकत जून-जुलैत माउनपर्यंत पोचतं. पूर मोठा असेल तर मोरेमीतल्या काही वाटा बंद होतात आणि मुक्काम बदलतो. त्यावरून गाइडशी वाद घालण्यात अर्थ नसतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी उन्हाची तयारी ठेवावी. ऑक्टोबरमध्ये पारा चाळिशी गाठतो, तंबूत दुपारी बसवत नाही, मात्र उरलेल्या पाण्याभोवती हत्ती-म्हशींची गर्दी असते. दिवाळी नोव्हेंबरात आली तर पहिल्या सरी गाठतात, आणि माबाबेच्या खोलगट भागातली काळी माती ओली झाली की गाडी रुतते. काळ्या मातीत बैलगाडी रुतलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

बुकिंगआधी हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. तंबू आपण उभारायचे की कर्मचारी उभारतात? स्वस्त सहलींत तंबू लावणं, भांडी घासणं, सामान चढवणं हे प्रवाशांकडे असतं. साठीच्या आई-वडिलांना घेऊन जात असाल तर हा फरक किमतीपेक्षा मोठा आहे. तंबूत उभं राहता येतं का, खाट आहे की जमिनीवर गादी? शौचालय प्रत्येक तंबूमागे की सार्वजनिक तळावरचं? गाडीत एका ओळीत तीन आसनं असतील तर मधल्या माणसाचं काय? अंथरूण कंपनीचं की आपलं? मुलांसाठी किमान वय किती? तळांना कुंपण नसतं, त्यामुळे बऱ्याच कंपन्या लहान मुलांना घेत नाहीत. आणि कोणते मुक्काम राष्ट्रीय उद्यानात आहेत, कोणते बाहेर? मोरेमी आणि चोबेच्या हद्दीत प्रवाशांना रात्री गाडी फिरवायला परवानगी नाही, वाट सोडूनही जाता येत नाही. रात्रीची सफारी हवी असेल तर ख्वाईच्या गावकऱ्यांच्या क्षेत्रात किमान दोन रात्री हव्यात.

जेवणाबद्दल नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. त्याचा अर्थ काही ठिकाणी ‘लाल मांस नको, कोंबडी चालेल’ असाही घेतला जातो. अंडी चालतात का, मासे चालतात का, गोमांस अजिबात नको का, कांदा-लसूण वर्ज्य आहे का, हे एकेक ओळीत लिहा. सगळा शिधा निघण्याआधी शहरातून भरून घेतात. तिसऱ्या दिवशी सावुतीत सांगितलं तर स्वयंपाक्याकडे बटाटा, कोबी आणि पाव एवढंच उरतं. मक्याच्या पिठाची ‘पाप’ नावाची घट्ट उकड, तिच्यावर टोमॅटो-भाजीचा रस्सा, बीन्सचे डबे आणि निखाऱ्यावर भाजलेला पाव यांवर शाकाहारी माणूस नीट जेवतो, फक्त आधी कळवलेलं असावं.

घरून खाऊ नेताना मोह आवरा. माणशी दीड किलो पुरे: मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग, खाकरे, लाडू. तेल सुटणारं लोणचं नको. ते पिशवीत फुटलं की सगळ्या कपड्यांना वास लागतो आणि तो वास तंबूत जातो. तूप, पनीर, मध, मांस आणि ताजी फळं सीमेवर अडतात. बोत्स्वानात गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे देशाच्या आतही पशुवैद्यकीय कुंपणं आहेत. तिथल्या नाक्यावर गाडी तपासतात, कच्चं मांस काढून घेतात आणि चपला-बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. अजून एक: विमान दुबईमार्गे असेल तर खसखस सोबत नको. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, म्हणजे अनारसेही घरीच.

कागदपत्रांत फसगत होते ती विमान बदलताना जोहान्सबर्गला. मुंबई ते माउन एकाच तिकिटावर असेल तर सामान थेट पुढे जातं आणि आपण विमानतळाच्या आतच राहतो. दोन वेगळी तिकिटं काढून चार पैसे वाचवले, तर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत प्रवेश, म्हणजे तिचा व्हिसा. तसंच व्हिक्टोरिया धबधबा पाहून पुन्हा बोत्स्वानात यायचं असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहा, ओळखीच्यांच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने आणि कोरी पानं निदान चार असावीत; सीमा ओलांडताना शिक्के भराभर पडतात. मुलांसोबत आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला, आणि एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र न्या. विमा घेताना हवाई रुग्णवाहिकेचा खर्च त्यात आहे का ते शब्दशः वाचा. जंगलातून बाहेर काढायला छोटं विमान लागतं. पॉलिसीचा क्रमांक कागदावर ठेवा, मोबाइलला तिथे रेंज नसते.

पिवळ्या तापाच्या लशीबद्दल गोंधळ फार. बोत्स्वाना, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका यांत हा रोग नाही, पण अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिथल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते. परतताना भारतातही तपासणी होते; विमानतळाबाहेर पडला नसाल तर सूट असते, बाहेर पडून प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

मलेरिया मात्र खरा आहे. चोबे आणि ओकावांगोच्या पट्ट्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर तो जास्त, थंडीत कमी, तरी शून्य नाही. डॉक्टर सहसा अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन यांतलं एक देतात. दोन्ही जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून रोज घ्यायची. पहिलं परत आल्यावर सात दिवस, दुसरं चार आठवडे. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हात लवकर भाजते, आणि गोळी घेऊन लगेच आडवं झालं तर घशाखाली जळजळ होते. पहिलं औषध सगळ्याच दुकानांत मिळत नाही, दोन-तीन आठवडे आधी शोधा. संध्याकाळी पायांना आणि घोट्यांना डास पळवणाऱ्या डीट या रसायनाचं मलम. आधी सनस्क्रीन, मग हे. बाकी औषधांत इलेक्ट्रालची माणशी चार पाकिटं (एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात कोंबायचं नाही), पॅरासिटामॉल, जुलाबाची आणि ॲलर्जीची गोळी, डोळ्यांत घालायचे कृत्रिम अश्रू. धूळ इतकी असते की कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा आणि जादा चष्मा न्यावा. रोजची औषधं चिठ्ठीसह हातातल्या सामानात.

आता पिशवी. कडक सुटकेस आणि चाकांची ट्रॉली घरी ठेवा. ट्रेलरमध्ये किंवा छोट्या विमानाच्या पोटातल्या कप्प्यात ती मावत नाही. वाटेत सेस्ना हे छोटं विमान असेल तर कॅमेऱ्यासह सगळं मिळून २० किलो ही नेहमीची मर्यादा. नुसती गाडीची सफारी असेल तरी १५ किलोत बसवा. वजन असं वाटा: रिकामी पिशवी एक किलो, कपडे पाच, बूट एक, अंघोळीचं आणि औषधं दीड, खाऊ दीड, उरलेलं कॅमेरा, दुर्बीण आणि चार्जिंगला. घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः, मग पिशवी घेऊन उभे राहा.

थंडीला आपली माणसं हमखास कमी लेखतात. ‘आफ्रिका’ म्हटलं की डोळ्यांसमोर ऊन येतं, आणि जुलैत पहाटे साडेसहाला पाच-सहा अंश तापमानात उघड्या गाडीत वारा कापत बसावं लागतं. थर्मल, लोकरीचा स्वेटर, वारा न शिरणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे, गळ्याला पट्टा. दहा वाजता यातलं सगळं उतरून सुती शर्टवर यायचं, म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे. रबराची गरम पाण्याची पिशवी जरूर न्या: रिकामी अगदी हलकी, स्वयंपाकी किटलीतून भरून देतो, रात्री पायाशी आणि पहाटे गाडीत मांडीवर. शर्ट चार, पँट दोन, आतले कपडे सहा जोड. रंग खाकी, मातकट, शेवाळी. लष्करी छापाचे कपडे मुळीच नकोत, झिंबाब्वे आणि झांबियात त्यावरून अटक होऊ शकते. गडद निळा आणि काळा रंग चावणाऱ्या त्सेत्से माशीला ओढतो. ओकावांगोत ती फवारणीने संपवली आहे, पण पुढे झांबेझी खोऱ्यात माना पूल्सला जाणार असाल तर हे रंग टाळा. पातळ रबरी चपलेतून बाभळीचा काटा आरपार जातो, म्हणून तळावरही जाड तळव्याचं काहीतरी घाला.

विजेची सोय गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर, तीही सगळ्यांत वाटून. माणशी २०,००० एमएएचची एक पॉवर बँक पुरते. ती हातातल्या सामानातच न्यायची. दक्षिण आफ्रिकेतला जाड तीन गोल पिनांचा प्लग आपल्या गीझर-एसीच्या पंधरा अँपिअरच्या प्लगसारखाच, त्यामुळे कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा कन्व्हर्टर चालतो. बोत्स्वाना-झिंबाब्वेत ब्रिटिश चौकोनी पिनाही भेटतात, तो अडॅप्टर वेगळा घ्या. दुर्बीण माणशी एक, ८×४२. दोघांत एक घेतली तर बिबट्या नेमका दुसऱ्याच्या पाळीत दिसतो. लेन्स १००-४०० मिमीची, आणि गाडीत लेन्स बदलायची नाही. कॅमेरा टेकायला कापडी पिशवी रिकामी न्या, तांदूळ माउनला भरा. ड्रोन नेऊ नका. उद्यानात परवानगीशिवाय बंदी आहे. तारे पाहायचे असतील तर तारीख अमावास्येच्या आसपासची निवडा. जुलैत संध्याकाळी वृश्चिक डोक्यावर असतो आणि त्रिशंकू नैऋत्येला, सांगलीहून दिसतो त्याच्या कितीतरी वर.

तळाचे नियम घरूनच ठरवून जा, विशेषतः गटातल्या हट्टी माणसासाठी. तंबूत खाण्याची एकही वस्तू नको, संत्र्याची सालसुद्धा नाही. हत्तीला ती फार लांबून कळते. बूट बाहेर ठेवले तर तरस नेतो. आत ठेवले तरी सकाळी झटकून घालायचे, विंचवासाठी. तंबूची चेन नेहमी पूर्ण बंद. रात्री लघवीसाठी बाहेर पडायचं नाही, त्यासाठी रुंद तोंडाची झाकणाची बाटली न्या, स्त्रियांसाठी फनेलही मिळतं. लाजेखातर हे कोणी सांगत नाही आणि मग रात्री दोनला अडचण होते. सफारीच्या वेळी गाइड झुडूप आधी पाहून देतो. टिश्यू पिशवीत घालून परत आणायचा, सॅनिटरी पॅडही तसंच. हेडलँपला लाल दिवा असला तर जेवणाच्या वेळी किडे कमी येतात.

पैशांत पुला, म्हणजे बोत्स्वानाचं चलन, एटीएममधून माउनला काढा. झिंबाब्वेसाठी अमेरिकी डॉलरच्या छोट्या, नव्या नोटा. फाटकी किंवा जुन्या छापाची शंभराची नोट कोणी घेत नाही. गाइड आणि मदतनिसांची बक्षिसी वेगवेगळ्या पाकिटांत घरूनच घालून ठेवा. जादा सामान माउनच्या हॉटेलात ठेवायचा विचार असेल तर एकदा नकाशा पाहा: सहल संपते कसानेला.

परत आल्यावर गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर तो सर्दीचा समजू नका. डॉक्टरांना आधी ‘आफ्रिकेहून आलोय’ हे सांगा आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या.