ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात प्लॉटिंग करताय? मग या चुका टाळा

बदलापूर, मुरबाड, शहापूर, इकडे पनवेल-उरण. भातशेती विकत घ्यायची, घरचीच असेल तर भावकीच्या सह्या जमवायच्या, ले-आउट (प्लॉट आणि रस्त्यांचा आराखडा) मंजूर करून घ्यायचा आणि गुंठ्याच्या भावाने विकायला लागायचं. सातबारा, फेरफार, झोन दाखला, एनए (बिगरशेती परवानगी) हे कागद या धंद्यातल्या लोकांना आता तोंडपाठ आहेत. अडतं ते जमिनीवर. रस्ता खचतो, बोअर आटते, शोषखड्डा वर येतो आणि प्लॉटवाले महारेराच्या, म्हणजे घर-प्लॉट प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, दारात जातात. बहुतेक वेळा मूळ एकच असतं: आधी जास्तीत जास्त प्लॉट आखले, आणि पाणी, गटार, वीज उरलेल्या जागेत कोंबली.

खाचराचं पाणी कुठे जाणार?

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो. भातखाचरं उतरंडीने असतात. वरच्याचं पाणी बांधावरून खालच्यात, तिथून ओहोळात. गाव नकाशावर ओहोळ नसेल, पण पाण्याला नकाशा वाचता येत नाही. ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. अशा वाटेवर तुम्ही दीड मीटर भराव टाकलात की वरच्या शेतकऱ्याचं भात बुडणार. तो आधी तलाठ्याकडे जाईल, मग तहसीलदाराकडे, आणि दोन्हीकडे काही झालं नाही तर रात्री कुदळ घेऊन तुमचा रस्ता फोडेल. त्याला दोष देता येत नाही.

आर्किटेक्टने रेघ ओढण्याआधी कंटूर सर्व्हे (जमिनीच्या चढउताराची मोजणी) करून घ्या. एका प्लॉटच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे. शिवाय जुलैत, धो-धो पाऊस चालू असताना, जागेवर स्वतः उभे राहा आणि पाणी कोणत्या बांधावरून आत येतं ते बघा. एप्रिलमध्ये कोरडी जमीन बघून काहीच कळत नाही. रस्ते उतार धरून आखा, कडेने गटार घ्या आणि त्याचं शेवटचं तोंड सरकारी नाल्याला मिळतंय याची खात्री करा. शेजाऱ्याच्या शेतात सोडलेलं गटार म्हणजे उद्याचा दावा.

रस्त्याखाली ३०० मिलिमीटरचा ह्यूम पाइप (काँक्रीटचा गोल पाइप) टाकून मोरी झाली असं समजणारे पुष्कळ आहेत. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात पेंढा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि कुजलेला पाला यांचा बोळा त्या तोंडाशी बसतो आणि रस्ताच धरण होतो. पाइप निदान ६०० मिलिमीटरचा घ्या, पाणी जास्त असेल तर स्लॅबची मोरी बांधा. आधीच लहान पाइप टाकून बसला असाल तर रस्ता उंच करत बसू नका, त्याने फक्त पाणी आणखी तुंबतं. शेजारी दुसरा पाइप घाला, वरच्या बाजूला माणूस उतरून साफ करू शकेल असा जाळीचा चेंबर बांधा आणि दर मे महिन्यात तोंडं मोकळी करा.

उल्हास किंवा काळू नदीजवळ जमीन असेल तर पूररेषा आधी तपासा. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती, ती याच उल्हासच्या पाण्यात. 'आमच्या आजोबांच्या वेळेपासून इथे पाणी आलं नाही' हा दाखला पाटबंधारे विभाग मान्य करत नाही.

भरावाचंही तसंच. खाचरातली वरची चिकण माती न काढता तिच्यावर मुरूम ओतला की पहिल्या पावसात रस्ता बसतो आणि वर कितीही डांबर टाका, त्याच जागी पुन्हा खड्डा पडतो. माती खरवडून काढा, मुरूम थराथराने टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. मुरमाच्या रॉयल्टीच्या पावत्या जपून ठेवा, महसूलवाले कधीतरी मागतातच.

'वहिवाट आहे' म्हणून चालत नाही

बैलगाडी जात होती म्हणून ले-आउटला रस्ता आहे असं होत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार देतात तो बांधावरून शेतात जायचा रस्ता. त्यावर साठ प्लॉटांच्या गाड्या नेता येणार नाहीत. मधल्या मालकाकडून नोंदणीकृत हक्क घ्या आणि तो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवा. आतल्या रस्त्यांची रुंदी लांबीवर ठरते: २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार रहिवासी ले-आउटमध्ये १५० मीटरपर्यंत ९ मीटर, त्यापुढे ३०० मीटरपर्यंत १२ मीटर. पनवेल-उरणकडे नैनाची (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं अधिसूचित क्षेत्र) हद्द लागते का ते वेगळं बघा. तिथे सिडको नगररचना परियोजना (सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून नव्याने प्लॉट पाडायची योजना) राबवते, रस्तेही तीच आखते. तुमचा सुंदर नकाशा तिथे भिंतीवर लावण्यापुरता.

पाण्याचं पत्र म्हणजे पाणी नव्हे

ग्रामपंचायतीचं 'पाणीपुरवठा करण्यास हरकत नाही' असं पत्र फाइलला लागतं आणि सगळे निश्चिंत होतात. गणित करून बघा. साठ प्लॉट, घरटी पाच माणसं, माणशी रोज १३५ लिटर: दिवसाला साधारण ४० हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर, रोज. गावाच्या नळयोजनेत एवढं शिल्लक आहे का? तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली, तरी त्याच तालुक्यात उन्हाळ्यात गावपाड्यांना टँकर लागतात.

बोअरवर भिस्त असेल तर चाचणी मे महिन्यात घ्या. आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी भेगांत साठतं, आणि डिसेंबरात धो-धो चालणारी बोअर होळीनंतर हवा फेकते. पंप सलग काही तास चालवून पातळी किती खाली जाते आणि परत यायला किती वेळ लागतो, ते लिहून ठेवा.

सांडपाण्याचीही गाठ याच कातळाशी. पावसाळ्यात संडासाचं पाणी उतरत नाही, भांड्यात बुडबुडे येतात, म्हणून लोक दर आठवड्याला मैला उपसणारी गाडी बोलावतात. टाकी भरलेली नसते. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि शोषखड्ड्याला शोषायला जागाच नसते. म्हणून खड्ड्याची चाचणी ऑगस्टमध्ये करा. जमीन पाणी घेत नसेल तर सगळ्यांसाठी एकत्र मलवाहिनी आणि छोटा प्रक्रिया प्रकल्प, दुसरा इलाज नाही. शोषखड्डा विहीर-बोअरपासून निदान १८ मीटर लांब हवा. तीन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटांत प्रत्येकाची बोअर आणि प्रत्येकाचा खड्डा धरला की हे अंतर बसतच नाही, हे नकाशावर कंपास फिरवून बघितलं तरी दिसेल.

वीज

शेजारून शेतीपंपाची लाइन जाते म्हणजे लाइट आहे, असं ग्राहकाला सांगू नका. अख्ख्या ले-आउटचा भार एकत्र मंजूर करून घ्या. हे बहुतेक ठिकाणी महावितरणकडे, भिवंडी आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागात टोरंट या खासगी कंपनीकडे. डीपीसाठी (ट्रान्सफॉर्मरसाठी) रस्त्यालगत कोपऱ्याची जागा नकाशातच राखून ठेवा, नाहीतर शेवटी ती खेळाच्या मैदानात येऊन बसते. रात्री आठला पंखे मंदावत असतील तर एकेकट्या मीटरची तक्रार करत बसू नका. डीपीवर भार किती आणि मंजुरी किती, ते आधी विचारा.

आधी रस्ता, मग खोदकाम

साइट बघायला येणाऱ्याला डांबर दिसावं म्हणून रस्ता सगळ्यात आधी होतो. मग पाण्याची लाइन, मग केबल, आणि दर वेळी तोच रस्ता फोडायचा. क्रम उलटा ठेवा: मोऱ्या आणि गटारं, मग मलवाहिनी, पाणी, केबल. त्यानंतर खडीवर एक पावसाळा जाऊ द्या आणि मगच डांबर. प्रत्येक चौकात दोन-तीन रिकामे पाइप आडवे पुरून ठेवा. उद्या फायबर किंवा गॅस आला तर रस्ता वाचतो.

हस्तांतर

०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेत १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती उताराचा खड्डा किंवा टॉवर लाइनखालची पट्टी म्हणून दाखवू नका, मंजुरीत नाही तर तक्रारीत सापडेल. मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा) आणि कमी-जास्त पत्रक (जमिनीच्या पोटविभागणीची नोंद) वेळेत करून घ्या, त्याशिवाय प्लॉटचे स्वतंत्र सातबारे निघत नाहीत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठं प्लॉटिंगही महारेराच्या नोंदणीत येतं. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रस्ता, गटार, पाण्याची लाइन यांत दोष निघाला तर ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. म्हणून पुरलेल्या प्रत्येक लाइनचा, खोली आणि व्हॉल्व्हच्या जागेसकट, प्रत्यक्ष कामाचा नकाशा बनवा. एक प्रत सोसायटीला द्या आणि एक स्वतःच्या कपाटात ठेवा, कारण गळती शोधायला फोन तुम्हालाच येणार आहे.