टोनिंग आलेल्या चांदीच्या रुपयावरचा चिकटा कसा काढायचा

नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यातून घेतलेला जुना रुपया असो की घरच्या डब्यातला, काहीतरी चिकटलेलं राहतेच त्यावर. कुठं किमतीचं स्टिकर, कुठं अल्बमच्या टेपचा गोंद, नाहीतर दर लक्ष्मीपूजनाला लावलेल्या हळदीकुंकवाचा तुपात बसलेला थर. ते काढायचं पण खालचं टोनिंग सांभाळायचं, सगळं काम त्यातच आहे. टोनिंग म्हणजे मळ नाही भाऊ, गंधकामुळं चांदीवर बनलेला सिल्व्हर सल्फाइडचा एकदम पातळ थर आहे तो, जसा जाड होत जाते तसा सोनेरी, मग जांभळा, मग निळा दिसते, आणि असा यायला वर्षं लागतात. म्हणून पीतांबरी, चिंच, खायचा सोडा, टूथपेस्ट काहीच लावू नका, आणि सोनाराकडं उजळायला तर बिलकुल देऊ नका, नाणं पांढरंफटक होऊन येते अन मग कलेक्टर लोकं बघत पण नाहीत त्याच्याकडं.

पहिले पाणी. डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं नको, क्षारांचे डाग पडतात. काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवा, कागद फुगून स्वतःच सुटते, साधा डिंक पण विरघळते. नखानं खरवडायचं नाही.

पाण्यानं नाही निघालं तर अ‍ॅसिटोन. सायंटिफिक सामानाच्या दुकानातलं शुद्ध अ‍ॅसिटोन आणा, नेलपेंट रिमूव्हर नको, त्यात तेल, सेंट, रंग काय काय मिसळलेलं असते. अ‍ॅसिटोन चांदीला काही करत नाही, टोनिंगला पण नाही, फक्त गोंद, तूप, तेल विरघळवते. पण पेट लवकर घेते, 56 डिग्रीला तर उकळते आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 ला जाते, तेव्हा सकाळीच करा, बाल्कनीत, गॅस, दिवा, उदबत्ती सगळं बंद, चालू कूलरजवळ पण नको. भांडं काचेचंच, प्लास्टिक वितळू शकते, आणि वरून काचेची बशी झाका.

अर्धा-एक तास राहू द्या, मधात एकदा उलटवा. गोंद फुगून पांढुरका होते, कडा उचलल्या जातात. अक्षरांच्या कोपऱ्यात राहिलं तर पुन्हा ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये ठेवा, घासू नका. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा तो बारका हत्ती बघा, लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून 1912 पासून बदलला, घेणारा माणूस भिंग लावून नेमकं तेच बघते आणि गोंद पण तिथंच अडकते. अशा जागी फारच झालं तर लाकडी काडीवर कापूस गुंडाळून, अ‍ॅसिटोननं ओला करून नुसता फिरवत न्यायचा, ओढायचा नाही.

आता जे लोकं विसरतात ते. शेवटी दुसऱ्या वाटीत ताजं अ‍ॅसिटोन घेऊन नाणं खंगाळा, नाहीतर विरघळलेला गोंदच पातळ पापुद्र्यासारखा पुन्हा सुकून बसते. मग कडेनं धरून मऊ कपड्यावर ठेवा, पुसू नका, मिनिटभरात सुकते. पावसाळ्यात दमट दिवशी हे करू नका, अ‍ॅसिटोन उडतांना नाणं थंड होते आणि हवेतलं पाणी त्यावर धरते.

टेपखाली चौकोनी फिका किंवा काळा ठप्पा राहिला तर तो गोंद नाही, तिथं टोनिंगच वेगळं आलंय, राहू द्या. हिरवट चिकट असेल तर ते पीव्हीसीच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या पाकिटामुळं, ते अ‍ॅसिटोननं निघते पण खाली धातू खाल्लेला असेल तर ते खड्डे भरत नाहीत.

नंतर नाणं मायलरच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात नाहीतर नाण्यासाठीच्या कडक प्लास्टिक डबीत (कॅप्सूलमध्ये) ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. रबर बँड जवळ पण नको, त्यात गंधक असते. आणि किमतीचं स्टिकर लावायचंच असेल तर पाकिटावर लावा.