जुन्या घरात लाकडी पट्टी जुळवताय? या चुका टाळा

दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींत किंवा पुण्याच्या पेठांत एखादी खोली नव्याने करायला घेतली, की चौकटीभोवतीची सागवानी पट्टी कुठेतरी फुटतेच. सुतार म्हणतो, "सेम टू सेम आणतो." तयार पट्टीत ते सहसा जमत नाही. जुनी पट्टी इंचाच्या मापाने रंधलेली, बाजारातली मिलिमीटरची. एक-दोन मिलिमीटर हातात कळत नाहीत. सांध्यावर मात्र नक्षीची रेघ तुटलेली दिसते.

म्हणून मोबाइलवरचा फोटो दाखवून काम देऊ नका. फुटलेल्या पट्टीचा वीतभर तुकडा नमुना म्हणून द्या, तोही रंगाचे थर काढून. नाहीतर राउटरवर (लाकडावर नक्षी कोरायच्या यंत्रावर) लाकडाची नव्हे, ऑइलपेंटची गोलाई कोरली जाईल. मात्र हा रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017च्या नोव्हेंबरपासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ओल्या पॉलिशपेपरने घासा आणि मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती पॉलिशची घाई. ताजा रंधलेला साग पिवळट असतो, उजेडात काही आठवड्यांत तपकिरी होतो. पहिल्याच दिवशी गडद स्टेन (लाकडाला रंगछटा देणारं द्रावण) मारून जुळवलेली पट्टी पुढे वेगळी पडते. कोरी पट्टी आधी गॅलरीत उजेडात राहू द्या. जुनं पॉलिश कोणतं, हेही बघा: कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवा. थर चिकट होऊन बोळ्याला लागला, तर तो बहुधा चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. त्याच्या शेजारी मेलामाइन या रासायनिक पॉलिशची चकाकी उपरी वाटते.

इतकं करूनही फरक राहतोच, तेव्हा तो लपवा. मागच्या खोलीतली जुनी पट्टी काढून दिवाणखान्यात लावा, नवी मागे. सांधा भिंतीच्या मधोमध नको, कोपऱ्यात घ्या. आणि कोपरा 45 अंशांत कापण्याआधी गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावा. चुन्याच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात.

पैसे वाचवायला एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड)? खिडकीखाली तरी नको, पावसाळ्यात फुगतं. त्यापेक्षा पाडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्या वखारीत जुना साग शोधा. फक्त कापण्याआधी चुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे असतात.