विंडोज ११ च्या अपग्रेडनंतर फाइल सर्व्हर मंदावल्यास काय तपासावे

ऑफिसमधील संगणक विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर नेले की सर्व्हरवरचे शेअर केलेले फोल्डर रखडतात, ही तक्रार हमखास येते आणि त्यावर अँटिव्हायरस बंद करा, आयपीव्ही६ काढा, रजिस्ट्रीत अमुक बदला, असे सल्ले सर्रास दिले जातात. मोजमाप केल्याशिवाय यांतले काहीही करू नये. बॅकअप घेतलेला आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

प्रथम सर्व्हरवरून दोन-तीन जीबीची एकच फाइल कॉपी करावी. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळायला हवा. तो ११-१२ वरच अडकला, तर लिंक १०० एमबीपीएसवर उतरलेली असते, तेव्हा केबल, स्विचचा पोर्ट आणि नेटवर्क ड्रायव्हर पाहावा.

फाइल वेगाने येते पण फोल्डर उघडतानाच अडते, असे असल्यास सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता टाकून पाहावा. लगेच उघडले, तर डीएनएसची, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतली, नोंद दुरुस्त करावी. बंद पडलेल्या जुन्या सर्व्हरचे मॅप केलेले ड्राइव्हही काढून टाकावेत.

खरी कसोटी पुढे आहे. २४एच२ च्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत एसएमबी (विंडोज ज्या प्रोटोकॉलने शेअर केलेल्या फाइल वाचते तो) साइनिंग मुळातच सक्तीचे झाले आहे, म्हणजे सर्व्हरशी होणाऱ्या देवाणघेवाणीतील प्रत्येक संदेशावर स्वाक्षरी करणे आणि ती पडताळणे, हे काम दोन्ही बाजूंच्या प्रोसेसरवर पडते. नव्या संगणकाला ते जाणवत नाही. जुन्या एनएएसची, म्हणजे सर्व्हरचे काम करणाऱ्या, नेटवर्कला जोडलेल्या साठवण उपकरणाची, मात्र दमछाक होते. कॉपी चालू असताना एनएएसचा रिसोर्स मॉनिटर उघडून ठेवावा: सीपीयू शंभर टक्क्यांना भिडलेला आणि डिस्क निवांत दिसली, तर साइनिंगवरच संशय घ्यावा. होम आवृत्तीवर ही सक्ती नाही, त्यामुळे तसा एखादा संगणक त्याच स्विचला जोडून वेग ताडून पाहिल्यास शंका उरत नाही.

येथे घाईने साइनिंग बंद करणे हा मला सर्वांत घातक सल्ला वाटतो, कारण नेटवर्कमध्ये शिरलेल्याला मधल्या मध्ये माहिती बदलता येऊ नये किंवा दुसऱ्याच्या लॉगिनचा गैरवापर करता येऊ नये, यासाठीच ते आहे. त्याआधी पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीकनेक्शन (Get-SmbConnection) ही कमांड चालवून डायलेक्टचा (Dialect), म्हणजे एसएमबीची कोणती आवृत्ती वापरात आहे त्याचा, रकाना वाचावा. तेथे २.०.२ किंवा २.१ दिसल्यास साइनिंग एचमॅक-एसएचए२५६ या पद्धतीने होत असते, ३.० पासून एईएस-सीमॅक वापरले जाते आणि एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीची हार्डवेअर सोय असलेल्या प्रोसेसरवर ते बरेच हलके पडते. म्हणून एनएएसचे फर्मवेअर अद्ययावत करून त्याच्या सेटिंगमधील कमाल प्रोटोकॉल एसएमबी३ करावा, सर्व संगणकांची जोडणी तोडून पुन्हा जोडावी आणि तीच फाइल पुन्हा मोजावी. एसएमबी१ ही जुनी, असुरक्षित आवृत्ती मात्र कोणी कितीही सांगितले तरी परत चालू करू नये.

एवढे करूनही एनएएसचा प्रोसेसर पुरा पडत नसेल, तर नवे उपकरण येईपर्यंत ऑफिसमध्येच राहणाऱ्या डेस्कटॉपपुरती साइनिंगची सक्ती काढता येते. बाहेरच्या वायफायला जोडल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर ती काढू नये.