कमरेचं हत्यार: दिसू द्यायचं की झाकायचं?

गेल्या दिवाळीत माझा भाचा नवा कोरा शस्त्र परवाना घेऊन घरी आला. झवेरी बाजारात त्याचं दागिने घडवायचं छोटं दुकान आहे. रात्री कधी कधी माल जवळ बाळगून काळबादेवीच्या गल्ल्यांतून निघावं लागतं. दोनदा पाठलाग झाला, तेव्हा त्याने अर्ज केला आणि परवाना मिळाल्यावर बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर घेतलं. देवापुढे पेढे ठेवून झाल्यावर म्हणाला, "मामा, हे मी पट्ट्याला बाहेरूनच लावणार. दिसलं की कोणी जवळ फिरकणार नाही."

मी मुंबई पोलिसात चौतीस वर्षं काढली. शिपाई म्हणून लागलो, फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची बारा वर्षं कमरेला हत्यार उघडं लावूनच रस्त्यावर उभा राहिलो. उघड्या हत्याराने काय मिळतं आणि काय जातं, दोन्ही माझ्या अंगावरून गेलंय. त्या रात्री भाच्याला जे सांगितलं ते नव्या परवानाधारकांसाठी लिहून ठेवतो.

आधी कायद्याचं. शस्त्र नियम २०१६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी हत्यार कसं न्यायचं ते सरळ लिहिलंय. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, किंवा त्यासाठीच्या पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि तुमच्या ताब्यात हवं. हातात घेऊन दाखवणं, नाचवणं चालत नाही. म्हणजे आपल्याकडे साध्या परवानाधारकाला "दिसू द्यायचं की झाकायचं" असा पर्यायच नाही. शर्टाखालून मूठ दिसत असेल, तर नाकाबंदीला तुमच्याकडे बोट दाखवायला कारण तुम्हीच दिलंत, आणि परवाना पणाला लागला तो वेगळाच. लग्नात, वरातीत हवेत बार काढला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण नुसतं "कायद्यात नाही" म्हटलं की तरुण पोराला पटत नाही. भाच्याने मोबाईलवर टेक्सासचे व्हिडिओ काढून दाखवले. तिथे २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल कमरेला उघडं लावता येतं आणि १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक सज्ञान माणसांना त्यासाठी परवानाही लागत नाही. माणसं किराणा घ्यायला आलीत आणि पट्ट्याला पिस्तूल. "बघा, कोणाला काही वाटतंय का?" तो म्हणाला.

त्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण उघड्या हत्याराचे फायदे खरे आहेत. पहिला म्हणजे धाक. पाकीटमार, मवाली, उगाच अंगावर येणारा, यांची नजर कमरेवर गेली की पावलं मागे सरतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. दुसरा फायदा वेळेचा. शर्ट वर करायचा, मग मूठ शोधायची, मग काढायचं, यात जो क्षण जातो तो उघड्या होल्स्टरला जात नाही. तिसरा अगदी साधा आहे: आपल्या घामाच्या हवेत कातडी होल्स्टर शर्टाखाली दिवसभर बाळगणं म्हणजे कमरेला पुरळ.

आता दुसरी बाजू. एका अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी बंदोबस्ताला होतो. दोन मंडळांची पोरं एकमेकांना भिडली, म्हणून मी मध्ये घुसलो आणि दोन्ही हात पसरून त्यांना लांब करायला लागलो. ढोल इतका जवळ होता की छाती हादरत होती. तेवढ्यात उजव्या कमरेला ओढ बसली. आधी वाटलं, गर्दीचा रेटा. मग खांद्याला दोरी कचकन रुतली, तेव्हा कळलं. रिव्हॉल्वरच्या मुठीला बांधलेली ती दोरी, आम्ही लॅनयार्ड म्हणतो, ताणली गेली होती. होल्स्टरच्या पट्टीचं बटण झिजून सैल झालं होतं. पंधरा दिवस मला ते माहीत होतं, आणि बदलून घेऊ, घेऊ म्हणत राहिलो होतो. हत्यार अर्धं बाहेर आलं होतं आणि मुठीवर माझा नव्हे, दुसऱ्याचा हात होता. मी उजवा हात त्या हातावर मारून खाली दाबला, तसाच दाबून धरला आणि अख्खं अंग फिरवलं. एकोणीस-वीस वर्षांचं पोर होतं, गुलालाने माखलेलं. नंतर चौकीत रडत होतं, कशाला हात घातला ते त्यालाही सांगता येईना.

त्याला ते दिसलं, म्हणून त्याने हात घातला. धाक शुद्धीवर असलेल्या माणसाला बसतो. नशेतल्याला, चिडलेल्याला, आणि आधीच ठरवून आलेल्याला तेच हत्यार निशाणी होतं. ठरवून आलेला दरोडेखोर पहिल्यांदा कोणाला आडवा करेल? ज्याच्या कमरेला दिसतंय त्याला. माझ्या अंगावर खाकी होती, मागे चाळीस माणसं होती, हातात वायरलेस होता, तरी ही गत. रात्री साडेदहाला दुकानाचं शटर ओढणाऱ्या भाच्यामागे कोण आहे?

टेक्सासचंच सांगायचं तर ७ जुलै २०१६ ला डॅलसमध्ये मोर्च्याच्या वेळी एकाने गोळीबार करून पाच पोलिसांना मारलं. मोर्च्यात कायद्याप्रमाणे खांद्याला रायफल लावून आलेली माणसं होती. त्यातल्या एकाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून सगळीकडे पाठवला, आणि तो निर्दोष निघाला. गोळी सुटल्यावर पोलिसाला फक्त हत्यार दिसतं, तुमच्या खिशातला परवाना दिसत नाही. तिथे रोज उघडं बाळगणारे जाणते लोकसुद्धा अंगठ्याने खटका दाबल्याशिवाय सुटणार नाही असं कुलपी होल्स्टर वापरतात. भाच्याने आणलेलं कापडी पाकीट मी त्याच रात्री बाजूला ठेवायला लावलं.

मग झाकून नीट कसं बाळगायचं?

होल्स्टर कडक हवं. हत्यार बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटता कामा नये, आणि चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे. वरून अंगठ्याने सुटणारी पट्टी हवी. बटण दर महिन्याला ओढून बघा, सैल वाटलं तर त्याच दिवशी बदला. पट्टा जाड, दुहेरी कातड्याचा घ्या. फॅशनच्या पातळ पट्ट्यावर हत्यार लोंबतं आणि चालताना मांडीवर आपटतं. जागा उजव्या कमरेच्या हाडाच्या किंचित मागे. पाठीच्या मणक्यावर लावू नका, पडलात तर कणा जाईल.

शर्ट एक माप मोठा, जाडसर, चौकड्यांचा आणि बाहेर सोडलेला. घातल्यावर आरशासमोर तीन गोष्टी करा. खाली वाकून बुटाची नाडी बांधा. खुर्चीत बसून उठा. आणि लोकलची कडी धरतो तसा हात वर करा. भाचा पहिल्या दोन्हींत पास झाला. कडीला हात घातला आणि शर्ट वर जाऊन अख्खी मूठ उघडी पडली. मुंबईत माणूस दिवसातून किती वेळा हात वर करतो! म्हणून शर्ट कमरेखाली एक वीतभर तरी उतरला पाहिजे. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये हत्यार घेऊन चढूच नका, माझं स्पष्ट मत आहे. त्या रेट्यात तुमचा स्वतःचा हातही कमरेपर्यंत पोहोचत नाही, मग ताबा कसला?

आणखी एक खोड मोडावी लागते. नवा माणूस दर पाच मिनिटांनी कोपराने चाचपतो, आहे ना, आहे ना. चोराला वेगळं दाखवायची गरज उरत नाही. पंधरा दिवस घरी रिकामं हत्यार लावून वावरा, सवय होते.

रिकामं-भरलेलं याबद्दल जरा थांबतो, कारण परवानाधारकाला सगळ्यात जास्त इजा स्वतःच्याच हत्याराने होते ती इथे. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाला जुहूच्या घरी पहाटे स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायात लागली. समोर वैरी कोणी नव्हता. जुन्या धाटणीचं रिव्हॉल्वर भरलेलं असताना घोड्यावर, म्हणजे मागच्या ठोकणाऱ्या खटक्यावर, पडलं तर उडू शकतं. म्हणून गोळ्यांच्या सहा घरांत पाचच राऊंड, म्हणजे काडतुसं, भरा आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. भरणं आणि काढणं दिवसातून एकेकदाच, ठरलेल्या जागी, नळी मातीने भरलेल्या बादलीकडे करून, बोट चापाबाहेर. राऊंड मोजून हातात घ्या. घरात हत्यार कुलपात, राऊंड दुसऱ्या कुलपात. पावसाळ्यात कातडी होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका. कातडं पाणी धरतं आणि आपल्या खाऱ्या हवेत नळीला गंज चढतो. रोज कोरड्या फडक्याने पुसा, आठवड्याला तेलाचा हात फिरवा.

नाकाबंदीला थांबवलं तर गाडीतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि आधी तोंडाने सांगा: "साहेब, माझ्याकडे परवान्याचं हत्यार आहे, उजव्या कमरेला आहे." पोलीस सांगेपर्यंत कमरेकडे हात नेऊ नका. मूळ परवाना डाव्या खिशात ठेवा, म्हणजे तो काढताना हात हत्याराकडे जाणार नाही. ड्रायव्हरला "जरा धर" म्हणून हत्यार देऊ नका. जेवणात दारू असेल त्या दिवशी हत्यार घरी. विमानाने जायचं तर काउंटरवर आधी सांगून, रिकामं करून चेक-इन सामानात द्यावं लागतं.

आणि माल हिसकावला तर? भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, जबरी चोरीच्या वेळीही आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर संरक्षण कशाचं करत होतात ते कोर्टाला सांगता येणार नाही. काळबादेवीत चुकलेली गोळी कोणाच्या तरी खिडकीत जाते. भाच्याला मी म्हटलं, माल विम्याचा आहे, जाऊ दे. जीव जातोय असं दिसेल तेव्हाच शर्टाला हात घाल.

शेवटी निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. घाबरू नका, वेळेत ठाण्यात न्या. पावतीवर हत्याराचा नंबर आणि राऊंडची संख्या समोर लिहून घ्या, आणि परत घेताना पावती हातात धरून दोन्ही जुळवा. भाच्याने पावतीचा फोटो मला पाठवला होता, नंबरातला एक आकडा चुकला होता. त्याला तिथूनच परत आत जायला लावलं.