पोळा ते दसरा : ट्रकात साउंड बसवण्याची तयारी

पोळ्याचे बैल घरी आले की माझ्या दुकानापुढं ट्रक लागायला सुरुवात होते. दसऱ्याला गाडीची पूजा असते. त्याआधी रंग, नवे गोंडे, ताडपत्रीचं माप ही कामं उरकायची असतात, आणि बहुतेक ड्रायव्हरांना यंदा साउंडही चांगला करायचा असतो. मधे चाळीसेक दिवस मिळतात. दिवाळी झाली की कापूस सुरू होतो, हिंगणघाट-वणीकडं जिनिंगच्या फाटकांपुढं गाड्यांची रांग लागते आणि मग गाडी दिवसभर उभी करायला कोणालाच सवड नसते. म्हणून ही तयारी आत्ताच करा.

येणारा प्रत्येक जण विचारतो, "भाऊ, कोनता स्पीकर घेऊ?" मी विचारतो, "गाडीत बॅटऱ्या किती हायेत?" स्पीकर सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी करंट बघायचा.

तेव्हा पहिलं काम घरीच उरका, बॅटरीचा डबा उघडून बघा. छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप असेल तर एकच बॅटरी, १२ व्होल्ट. त्यांना कारचा टेप चालतो. मोठ्या ट्रकांत बहुतेक १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात, म्हणजे २४ व्होल्ट. इंजिन चालू असताना डायनामो २८ च्या आसपास देतो. यावर १२ व्होल्टचा टेप थेट लावला तर तो गेलाच समजा. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणूनच एक चुकीची युक्ती गावोगाव चालते: दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून वायर काढायची आणि एकाच बॅटरीवर टेप चालवायचा. खर्च शून्य, आवाज लगेच सुरू.

ही युक्ती मी स्वतः केलेली आहे. काम शिकत होतो तेव्हा एका दहा चाकी गाडीला मधून वायर काढून दिली. ड्रायव्हर खूश होऊन गेला. काही महिन्यांनी तीच गाडी कापूस भरून रात्री रस्त्यात बंद पडली, सेल्फ उचलेना. क्लीनर म्हणून त्याचा स्वतःचा पोरगा सोबत होता. दोघांनी ती रात्र माल राखत जागून काढली. सकाळी व्होल्ट मोजायचा मीटर लावला तर एक बॅटरी उपाशी आणि दुसरीतलं पाणी उकळून प्लेटा उघड्या पडलेल्या. कारण साधं आहे. टेप एकाच बॅटरीतून खातो, पण डायनामोला दोघींची मिळून बेरीज तेवढी दिसते. बेरीज २८ झाली की तो समाधानी. त्यात एकीला १३ आणि दुसरीला १५ पोचतात हे त्याला कळत नाही. एक कधी भरत नाही, दुसरी जास्त भरून मरते. त्या बापलेकांची ती रात्र माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून मधून वायर काढायला मी कोणालाही साफ नाही म्हणतो.

तुमच्या गाडीत आधीच्या कोणी असं करून ठेवलंय का, हे बघायला इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर एकेक करून मीटर लावा. दोघींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मधली वायर शोधा. बंद गाडीत, रात्रभर उभी राहिल्यावर, चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसतं आणि १२.२ ला ती अर्धी उरलेली असते. बॅटरी आधीच थकली असेल तर साउंडचे पैसे यंदा बॅटरीत घाला.

बॅटऱ्या ठीक असतील तर दोन वाटा आहेत. थेट २४ व्होल्टचा टेप मिळाला आणि तेवढाच लावायचा असेल, तर कन्व्हर्टर लागत नाही, मी तोच सुचवतो. नाहीतर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्या. नुसत्या टेपला १० अँपिअरचा पुरतो, सोबत छोटा अँप्लिफायर (टेपच्या आवाजाला ताकद देणारा वेगळा डबा) असेल तर २० अँपिअरच्या खाली जाऊ नका. १३.८ व्होल्ट देणारा मिळाला तर उत्तम, कारण कारचे टेप त्याच आकड्याला मोकळे वाजतात. कन्व्हर्टर हातात धरून वजन बघा, अंगाला ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या आहेत का बघा. स्वस्तातल्या कन्व्हर्टरचा आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पुढं १२ ऐवजी सगळे २४ जातात आणि टेपही मरतो. कन्व्हर्टर बॅटरीजवळ न बसवता केबिनमध्ये टेपजवळ बसवा. तितक्याच ताकदीला २४ व्होल्टवर निम्माच करंट लागतो, म्हणून लांबचा पल्ला २४ ने काटला तर वायरीत कमी वाया जातं.

वायर घेताना टोक ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, परत करा. खरं तांबं असलं तरी बारीक वायर करंट खातेच: अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरच्या) वायरीतून १५ अँपिअर १० मीटर फिरले तर जवळपास एक व्होल्ट वाटेतच संपतो. अँप्लिफायर लावायचा असेल तर ६ एमएम घ्या. सोबत रबरी बुश घ्या, म्हणजे पत्र्याच्या भोकात वायर कापणार नाही. वरून घालायला लवचीक नळी घ्या. सरकी वाहणाऱ्या गाडीत उंदीर असतातच आणि त्यांना वायरीचं प्लास्टिक आवडतं. तुमची केबिन पुढं झुकणारी असेल तर झुकण्याच्या जागी वायरीला हातभर ढील ठेवायला वायरमनला सांगा. हे विसरलं तर पहिल्यांदा केबिन उचलली की जोड निसटतो.

आता फ्यूज. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि गिऱ्हाइकानं घाई केली तरी घालवतो. तुमच्या मागं कापूस असतो. बॅटरीतून निघालेली वायर कुठं घासून चॅसिसला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते, वायर लाल होते आणि वरचं प्लास्टिक पेटतं. टेपच्या पाठीत असलेला फ्यूज इथं काही करू शकत नाही, कारण आग त्याच्या अलीकडंच लागलेली असते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर-दोन वीत अंतरात हवा, झाकण असलेल्या होल्डरमध्ये. अडीच एमएमला १५, ६ एमएमला ३०, याच्या वर जाऊ नका. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तार गुंडाळलेल्या गाड्या माझ्याकडं दर मोसमात येतात. अशी गाडी कापूस भरायला निघाली असेल तर तिचं काम मी हातातलं सोडून आधी करतो.

एवढं झालं की स्पीकर बघायला जा. डब्यावरचा मोठा आकडा वाचू नका, त्या डब्यावर बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकेल ती ताकद, शोधा. ५०० वॅट लिहिलेल्या स्पीकरचा आरएमएस ६० निघतो, आणि खरा तोच. टेपवर ५० गुणिले ४ छापलेलं असलं तरी १२-१४ व्होल्टवर त्याच्या आतून ४ ओहमच्या (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा) स्पीकरला १५ ते २० वॅटच नीट मिळतात. त्यामुळे अँप्लिफायर नसेल तर वॅट सोडा आणि डीबीचा, म्हणजे डेसिबलचा आकडा बघा. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात, तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते तो सांगतो. ९२ डीबीचा स्पीकर ८९ वाल्याच्या निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज देतो. ओहम ४ चा घ्या. एकाच चॅनलवर ४-४ चे दोन बाजूबाजूनं जोडले की २ ओहम होतात, टेप तापतो आणि बंद पडतो.

आपल्या उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, बंद केबिनमध्ये त्याहून कितीतरी जास्त. फोमची कड असलेला स्पीकर दोन-तीन उन्हाळ्यांत भुगा होतो. रबराची कड आणि प्लास्टिकचा पडदा असलेला घ्या, तो पावसाळ्यात दाराच्या काचेतून झिरपणाऱ्या पाण्यालाही टिकतो. कोळशावर चालणाऱ्या गाड्यांना जाळी बारीक हवी, काळी धूळ कॉईलच्या (स्पीकरमधल्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत गेली की खरखर कायमची.

बहुतेक गाड्यांना दारात ६ इंची दोन आणि मागच्या फळीवर ओव्हल दोन पुरतात. दारात बसवताना पत्र्याची उरलेली भोकं फोमनं बंद करा, नाहीतर स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतो आणि ढोलकीचा ठेका ऐकूच येत नाही. वूफर, म्हणजे जाड घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर, हवाच असेल तर सीटमागं बंद पेटीतला एक, आठ इंची. मोठ्या वूफरला मी सहसा हो म्हणत नाही. त्याच्या घुमण्यात टायरचा बदललेला आवाज, हवेच्या नळीची फुसफुस, मागच्या गाडीचा हॉर्न सगळं बुडतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. काचा बंद असल्या की तसंही कमी आवाजात चांगलं ऐकू येतं आणि बाहेरचं कमी. कानाचा हिशेबही लक्षात ठेवा: ८५ डीबी आठ तास चालतं, ८८ ला चार तास आणि ९१ ला दोनच. जुन्या केबिनमध्ये नुसतं इंजिनच ८५ च्या आसपास असतं. टपावर बाहेर तोंड करून भोंगे लावायला मी नकार देतो. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांची बंदी आहे, आणि दवाखाना-शाळेभोवती शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असेल तिथं दिवसाही.

बसवायच्या दिवशी गाडी सकाळीच आणा आणि स्वतः उभे राहा. टेपची पिवळी वायर कायम करंटला, लाल चावीच्या करंटला, काळी अर्थला. पिवळी-लाल एकत्र पिळली तर चावी काढली तरी टेप बॅटरी पीत राहतो. स्पीकरच्या मायनस वायरी बॉडीला अर्थ करू देऊ नका, जुन्या टेपची ती सवय नव्या टेपचा आयसी उडवते. अर्थच्या जागेचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट कसलेला बघा. मग साधा दीड व्होल्टचा सेल घ्या आणि स्पीकरच्या वायरींना क्षणभर लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असताना पडदा बाहेर यायला हवा. चारही सारखे बाहेर आले पाहिजेत. एक जरी आत गेला तर त्याच्या वायरी उलट्या आहेत. "पैसे देऊनही लय बारीक आवाज येते" ही तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळ गाड्यांत एवढंच निघतं.

बिघाडातला सगळ्यात त्रासाचा म्हणजे रेस दिली की चढत जाणारी चूंऽऽ. तो डायनामोचा आवाज. आधी फोनचा चार्जर काढा. ऑक्सच्या, म्हणजे फोनपासून टेपात जाणाऱ्या, वायरीनं गाणी लावून त्याच वेळी फोन चार्जिंगला लावला की हा आवाज हमखास येतो, ब्लूटूथवर जातो. नाही गेला तर टेपकडून अँप्लिफायरकडं गाणं नेणाऱ्या आरसीए पिना काढा. आवाज थांबला तर तो टेपकडून येतोय: टेप आणि अँप्लिफायर यांचा अर्थ एकाच बोल्टला घ्या आणि आरसीएची वायर करंटच्या वायरीपासून लांब, दुसऱ्या बाजूनं न्या. एफएमवर आकाशवाणी लावली की फरफर आणि पेनड्राइव्हवर मात्र स्वच्छ, असं असेल तर कन्व्हर्टर गोंगाट करतोय, तो अँटेनाच्या वायरीपासून दूर सरकवा.

एक स्पीकर मुका झाला तर टेपमागच्या त्याच्या वायरी चालू स्पीकरशी बदलून बघा. मुकेपण जागा बदललं तर दोष टेपात, तिथंच राहिलं तर वायरीत किंवा कॉईलमध्ये. ४ ओहमच्या कॉईलवर मीटर साडेतीनच्या जवळपास दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉईल जळाली. अँप्लिफायरवर प्रोटेक्टचा, म्हणजे बिघाड दिसून तो स्वतःच बंद झाल्याचा, लाल दिवा लागला तर स्पीकरच्या सगळ्या वायरी काढून एकेक लावत जा, ज्या वायरीला दिवा परत येईल ती कुठंतरी पत्र्याला टेकलेली असते. दुपारी बंद पडून संध्याकाळी आपोआप सुरू होणारा अँप्लिफायर तापलेला असतो. तो इंजिनच्या उंचवट्यावरून हलवा आणि फटींतला कापसाचा तंतू ब्रशनं काढा. आवाज पूर्ण वाढवून फाटका येऊ लागला की तिथून मागं घ्या, फाटक्या आवाजात ट्विटरची (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची) कॉईल जळते. नवा पेनड्राइव्ह टेप वाचत नसेल तर तो एफएटी ३२ मध्ये फॉर्मॅट करून घ्या.

डॅशबोर्डात एका डबीत त्याच अँपिअरचे चार फ्यूज, इन्सुलेशन टेप, एक सेल आणि टेस्ट लॅम्प ठेवा. बॅटरीजवळचा फ्यूज कुठं आहे ते क्लीनरला हातानं उघडून दाखवा. रात्री रांगेत झोपताना टेप चावीवरून बंद करून बॅटरीचा मेन स्विच त्यालाच पाडायला सांगा, म्हणजे त्याच्या हाताला तो अंधारातही सापडेल.